गुंडाळलेल्या नळ्या आणि उंदीर : मारावा की अडवावा?

कपाशीची शेवटची वेचणी आटोपली आणि पऱ्हाट्या निघाल्या की खानदेशात ठिबकच्या नळ्या गुंडाळायला घेतात. त्याच रानात लगेच मका किंवा कांदा घ्यायचा नसेल, तर या नळ्या जानेवारीपासून मेअखेरपर्यंत, म्हणजे पूर्वहंगामी कपाशीची लागवड सुरू होईपर्यंत, बंडलं होऊन पडून राहतात. कुणाच्या खळ्यात, कुणाच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कुणाच्या गावातल्या धाब्याच्या जुन्या घरात. जैन इरिगेशन ही कंपनी १९८६ मध्ये जळगावातच स्थापन झाली. आज जळगाव-धुळ्याच्या बागायती पट्ट्यात ठिबक ही रोजच्या शेतीची गोष्ट आहे, त्यामुळे नळ्या साठवून ठेवण्याचा प्रश्नही तितकाच रोजचा आहे. या चार-पाच महिन्यांत बंडलांकडे कोणी फिरकत नाही. नेमक्या याच काळात शेते रिकामी होतात आणि रानातले उंदीर वस्तीकडे सरकतात. भाव वाढेल म्हणून राखलेला कापूस, सरकी-ढेपेची पोती आणि निवांत आडोसा हे सगळे त्यांना एकाच छपराखाली मिळते.

नुकसान किती झाले ते बंडल उलगडल्यावरच कळते. मीटरभर व्यासाच्या वेटोळ्याच्या कडेला उंदराने एकाच जागी दात लावले, तर वरून बोटाएवढी एकच खाच दिसते. पण त्या जागी नळीचे आठ-दहा पदर एकावर एक बसलेले असतात. नळी सरीवर पसरली की दर तीन मीटरच्या आसपास एकेक छिद्र निघत जाते. प्रत्येक ठिकाणी नळी कापून जॉइनर घालावा लागतो आणि प्रत्येक जॉइनर म्हणजे गळतीची आणखी दोन तोंडे. बंडलाच्या पोटात पिले वाढली असतील, तर मधले कित्येक पदर असे भुगा होऊन निघतात की जोडण्यासारखे काही उरत नाही.

नळीत उंदराला खाण्यासारखे काहीच नसते. तरीही तो ती कुरतडतो, कारण त्याचे पुढचे चार दात जन्मभर वाढत राहतात, वर्षाला दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत. या दातांना फक्त पुढच्या बाजूने कठीण लुकण असते, त्यामुळे चावताना मागची बाजू आधी झिजते आणि धार आपोआप टिकते. लाकूड, प्लास्टिक, वायरींचे आवरण, शिसे, ॲल्युमिनियम यांपैकी काहीही त्या धारेपुढे टिकत नाही. वाट मोठी करायची असो, घरट्यासाठी जागा करायची असो, की नळीत उरलेले चार थेंब पाणी हवे असो, उंदीर दातच चालवतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात हे पाणी त्याला लांबूनही ओढून आणते.

यावर उपाय काय, याबद्दल खानदेशात दोन मते ऐकू येतात. पुढील संवादात पहिले मत आप्पांच्या तोंडी आहे. चोपड्याकडच्या काळ्या जमिनीत कपाशी करण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. दुसरे मत त्यांच्या पुतण्याच्या तोंडी आहे. तो गावोगाव ठिबकची जोडणी आणि दुरुस्ती करतो. दोघेही कल्पित आहेत, त्यांचे मुद्दे मात्र कुठल्याही पारावर ऐकू येतील असे आहेत.

आप्पा : उंदीर दिसला की औषध टाकायचं. सकाळी दोन-चार मेलेले सापडतात, विषय संपला. त्यात एवढं विचार करण्यासारखं काय आहे?

पुतण्या : कोणता उंदीर दिसला होता, आप्पा?

आप्पा : उंदीर तो उंदीर. त्याच्या जाती पाहत बसलो तर नळ्या उरतील का?

पुतण्या : जात कळली नाही तर तो येतो कुठून ते कळत नाही. आणि ते कळलं नाही तर औषध तरी कुठे ठेवणार?

पुतण्याच्या प्रश्नात तथ्य आहे, कारण शेडमध्ये येणाऱ्या उंदरांच्या वाटा निरनिराळ्या असतात. घरातला लहान उंदीर सहा-सात मिलिमीटरच्या फटीतून, म्हणजे पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून, आत शिरतो. बंडलाच्या मधोमध कापसाचे घरटे बहुधा त्याचेच असते. त्याची लेंडी तांदळाच्या दाण्याहून लहान असते. काळसर, लांब शेपटीचा मोठा घरउंदीर पटाईत चढणारा आहे. तो वाशांवरून, विजेच्या वायरीवरून, पत्र्याच्या पन्हाळीवरून येतो आणि राहतोही वरच. धाब्याच्या घरात मातीच्या छताखाली त्याला हवा तेवढा आडोसा असतो. घूस खालून येते. भिंतीच्या पायाशी उकरलेल्या भुसभुशीत मातीचा ढीग दिसला की ती घूसच समजावी. ती चढण्याच्या फंदात फारशी पडत नाही, मात्र मातीच्या जमिनीखालून बोगदा काढून थेट बंडलाखाली निघते. रानात लहान घूस, हरणउंदीर आणि मऊ केसांचा रानउंदीर असतात. भर दिवसा बांधावरच्या झाडाजवळच्या नळ्या कुरतडलेल्या दिसल्या, तर ते काम खारीचे असण्याची शक्यता जास्त. चिचुंद्रीला मात्र उगाच दोष दिला जातो. ती कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी नाही, किडे खाऊन जगते, आणि तिला मारून नळ्या वाचत नाहीत.

आप्पा : बरं, मानलं. पण कोणत्याही जातीच्या पोटात झिंक फॉस्फाईड गेलं की ती मरतेच ना?

हेही खरे आहे. झिंक फॉस्फाईड पोटातल्या आम्लाशी मिसळले की फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो. उंदराला ओकारी काढता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेले विष बाहेर पडत नाही. भरडलेले धान्य ९६ भाग, खाद्यतेल २ भाग आणि झिंक फॉस्फाईड २ भाग हे आमिषाचे प्रमाण कृषी खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे. पण एक गोष्ट त्याबरोबर सांगितली जाते आणि हमखास विसरली जाते. विषाआधी दोन-तीन दिवस तेच भरड धान्य नुसते तेल लावून त्याच जागी ठेवायचे असते. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. अनोळखी आमिष तो आधी चिमूटभर खातो, पोटात दुखले आणि वाचला तर ते पुन्हा तोंडाला लावत नाही. पहिल्या रात्री दोन-चार मेले आणि नंतर महिनाभर एकही मेला नाही, हा अनुभव अनेकांना येतो. त्यामागे औषधातली भेसळ क्वचित असते. बहुतेकदा सवय न लावता विष ठेवलेले असते.

ब्रोमॅडिओलोन हे उंदरांवरचे दुसरे विष वेगळ्या रीतीने काम करते. आमिषात त्याचे प्रमाण ०.००५ टक्के एवढेच असते. रक्त गोठायला लागणाऱ्या, इंग्रजी ‘के’ नावाच्या जीवनसत्त्वाचे काम ते रोखते आणि उंदीर काही दिवसांनी आतल्या रक्तस्रावाने मरतो. दुखणे खाल्ल्यावर लगेच जाणवत नसल्याने आमिषाशी त्याचा संबंध उंदराला लागत नाही. ही गोष्ट सोयीची वाटते, पण तिचा तोटाही तिथेच आहे. विष अंगात घेऊन तो चार-सहा दिवस हिंडत राहतो, सुस्तावतो आणि या अवस्थेत घुबडाला किंवा मांजराला सहज सापडतो. त्याच्यातले विष त्यांच्या पोटात जाते.

पुतण्या : मरतो हे खरं, आप्पा. पण मरतो कुठे? तुम्हाला सकाळी जे दोन-चार दिसतात ते उघड्यावर मेलेले. बाकीचे बंडलाच्या पोटात, मळणीयंत्राच्या चाळणीखाली, कापसाच्या गंजीत मरतात. वास आल्यावर कळतं, आणि तेव्हा हात घालून काढायची कोणाची तयारी नसते.

आप्पा : सुरतेच्या प्लेगच्या वेळी तर उंदीर मारा म्हणूनच सांगत होते.

पुतण्या : आणि मेलेल्या उंदराला हात लावू नका हेही सांगत होते.

इथे इतिहास उपयोगी पडतो. प्लेग उंदरावरच्या पिसवांमार्फत माणसापर्यंत येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत काम करताना दाखवले. त्याआधी दोन वर्षे, १८९६ मध्ये, मुंबईत मांडवीच्या गोदामांच्या वस्तीत प्लेग उघडकीस आला होता आणि डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी तो ओळखला होता. उंदीर मेला, त्याचे अंग गार पडू लागले की पिसवा ते सोडून दुसरे उबदार शरीर शोधतात. म्हणून साथीच्या काळात आधी पिसवांचा बंदोबस्त आणि मग उंदरांचा, असा क्रम धरतात. शेडमध्ये आडोशाला उंदीर मरू देणे एरवीही योग्य नाही, ते याच कारणाने.

आप्पा म्हणतात तो सुरतेचा प्लेग १९९४ चा, आणि तो प्रसंग आणखी एक गोष्ट सांगतो. त्या वर्षी सुरतेच्या आधी, ऑगस्टमध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगची बातमी आली. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भेगाळलेली घरे लोकांनी सोडली, धान्य मात्र आतच राहिले आणि त्यावर उंदरांची संख्या बेसुमार वाढली, असे कारण त्या वेळी मांडले गेले. धान्य, आडोसा आणि माणसाची अनुपस्थिती या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की उंदीर वाढतातच. जानेवारी ते मे या काळातले ठिबकचे शेड या तिन्ही बाबतींत त्या सोडलेल्या घरांसारखेच असते.

यातूनच मारण्याच्या पक्षाची खरी अडचण दिसते. उंदराच्या मादीला तीन आठवड्यांत पिले होतात, एका वेताला पाच-आठ, आणि लहान उंदराची पिले दोन महिन्यांच्या आत स्वतः विऊ लागतात. शेडमधले दहा मारले तरी शेजारच्या गंजीतून, नाल्याच्या काठावरून दुसरे येतात, कारण जागा रिकामी झाली आहे आणि खाणे तसेच आहे. विषाने संख्या काही दिवस कमी होते. जागेची ओढ कमी होत नाही.

आप्पा : मग काय, त्यांना पाळायचं? आपलं शेड तीन बाजूंनी उघडं. त्याला भिंती घालायला कापसाचा पैसा पुरेल का? तुझी अडवणूक शहरातल्या गोदामाला ठीक आहे.

पुतण्या : शेड बंद करायचंच नाही, आप्पा. बंडलं जिथे ठेवायची तेवढी जागा अडवायची.

अडवणुकीवरचा हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्याचे उत्तर जुनेच आहे. जहाज धक्क्याला बांधले की त्याच्या दोरखंडांवर पत्र्याच्या गोल तबकड्या चढवतात. उंदीर दोरावरून येतो, तबकडीशी अडतो आणि परततो. आख्ख्या बंदरातले उंदीर मारण्यापेक्षा जहाजावर यायच्या चार-सहा वाटा रोखणे सोपे, हा त्यामागचा विचार. पायांवर उभ्या कोठ्यांनाही हीच युक्ती करतात. खळ्यातल्या शेडमध्ये ती अशी बसवता येते. लोखंडी पाइपचे चार पाय घेऊन जमिनीपासून मीटरभर उंचीचे मचाण करावे, कारण मोठा उंदीर जागच्या जागी पाऊण मीटरपर्यंत उडी घेऊ शकतो. प्रत्येक पायावर, मचाणाच्या जरा खाली, पत्र्याचा उलटा शंकू घट्ट बसवावा. त्याची कड पायापासून चारी बाजूंनी पंचवीसेक सेंटिमीटर बाहेर यावी आणि पाइप व शंकू यांमध्ये फट राहू नये. मचाण भिंतीपासून आणि खांबांपासून मीटरभर दूर हवे. वरून वासा, दोरी किंवा वायर त्याला टेकलेली नसावी. सगळा खटाटोप करून कडेला शिडी तशीच टेकवून ठेवली, किंवा पऱ्हाट्यांचा भारा मचाणाला लावून रचला, तर उंदराला हवी ती वाट आपणच करून दिली असे होते. खानदेशातल्या बहुतेक मचाणांचा पराभव असाच होतो.

धाब्याच्या घरात चढणारा उंदीर छतातूनच उतरतो, तिथे एकटे मचाण पुरत नाही. अशा वेळी बंडलांभोवती तारेच्या जाळीचा पिंजरा करतात. जाळीचे छिद्र सहा मिलिमीटरपेक्षा मोठे नको. शेडनेट किंवा प्लास्टिकची जाळी लावणे म्हणजे उंदराला आणखी एक कुरतडायची वस्तू देणे. पाइप भिंतीतून जिथे आरपार जातो तिथल्या फटीत भांडी घासायची स्टीलची घासणी दाबून बसवावी आणि वरून सिमेंटचा गिलावा करावा. नुसती चिंधी, थर्माकोल किंवा फेसाचा फवारा उंदीर एका रात्रीत उकरतो. घुशीसाठी जमिनीला कोबा हवा. तो परवडत नसेल तर निदान मचाणाखालची जागा मोकळी आणि झाडलेली ठेवावी, म्हणजे नवे बीळ पहिल्याच दिवशी दिसते.

नळ्या वर ठेवण्याआधीचे काम याहून महत्त्वाचे आहे आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. बोअरच्या जड पाण्याचे क्षार जावेत म्हणून आम्ल प्रक्रिया करायची असते, ती गुंडाळण्याआधीच करून घ्यावी. मग स्वच्छ पाणी सोडून एंड कॅप उघडून नळ्या धुवाव्यात, उताराकडे रिकाम्या कराव्यात आणि पूर्ण निथळल्यावरच गुंडाळाव्यात. बंडल घट्ट असावे. सैल वेटोळ्यात मधे पोकळी राहते आणि घरट्याला तीच लागते. दोन्ही तोंडे बंद करावीत. बंडलं ज्या पोत्यात किंवा दोरीत बांधली त्यात ढेपेचा चुरा, मक्याचे दाणे असे काही राहू नये. साठवलेला कापूस आणि नळ्या एका खोलीत ठेवू नयेत. कापसातली सरकी उंदराचे अन्न, रुई त्याचे अंथरूण, आणि नळ्यांचे वेटोळे त्याचे घर.

आप्पा : हे पाणी काढण्याचं मला पटतं. वजनाने हलकी होतात म्हणून आम्ही थोडंफार काढतच होतो. पण मळणीयंत्र मचाणावर कसं चढवशील? आणि ट्रॅक्टर?

यंत्रांच्या बाबतीत अडवणूक वेगळी होते. मळणीयंत्र गहू-हरभऱ्यानंतर महिनोन्‌महिने उभे असते. त्याच्या चाळण्यांवर, पंख्याच्या घरात आणि धान्य वर नेणाऱ्या पट्ट्यावर पसा-पसा दाणे अडकून राहतात. बाहेरून यंत्र पुसले तरी आत उंदरांचे कोठार तसेच असते. उभे करण्याआधी यंत्र रिकामे फिरवून, चाळण्या काढून, हवेचा झोत मारून ते साफ करणे हा खरा उपाय. रबरी पट्टे काढून पत्र्याच्या पेटीत ठेवावेत. ट्रॅक्टर फार दिवस उभा राहणार असेल तर सायलेन्सरच्या तोंडावर आणि हवा आत घेणाऱ्या नळीवर पत्र्याचा डबा उपडा घालावा, आणि चालू करण्याआधी तो काढण्याची खूण स्टेअरिंगला बांधावी. एअर क्लीनरच्या डब्यात घरटे असताना इंजिन चालू केले तर चिंध्या आणि कापूस आत ओढला जातो. बॅटरीची तार सोडून ठेवावी, कारण आवरण कुरतडलेल्या दोन तारा एकमेकींना टेकल्या तर ठिणगी पडते, आणि शेजारी कापूस असला तर पुढचे सांगायला नको. दर आठ-पंधरा दिवसांनी ट्रॅक्टर चालू करून चार पावले हलवणे हेही फार उपयोगाचे. उंदराला जी जागा हलत नाही तीच घरट्यासाठी योग्य वाटते.

हंगाम नसताना उभ्या राहणाऱ्या प्रत्येक वस्तूचे हेच आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात. थंड देशांत हौसेच्या बोटी हिवाळाभर ताडपत्रीखाली जमिनीवर उभ्या असतात. तिथलेही लहान उंदीर गाद्यांत घरटी करतात आणि वायरी कुरतडतात. तिथेही अनुभवी लोक खाण्याचा कण न ठेवणे, गाद्या काढून नेणे, पाइपांची तोंडे जाळीने बंद करणे आणि टेकू लावलेल्या शिड्या काढून ठेवणे यावरच भर देतात. बोटीत विष ठेवायला ते बिचकतात, कारण तळाच्या पोकळीत मेलेला उंदीर काढता येत नाही. गिरणा किंवा हतनूरच्या पाण्यावर जाळे टाकणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. माशाचा वास राहिलेले जाळे जमिनीवर टाकले तर काय होते, ते त्याला ठाऊक असते.

आप्पा : आणि मांजर? दोन मांजरं ठेवली की तुझ्या शंकूंची गरज काय?

मांजर लहान उंदीर पकडते आणि तिच्या वावराने काही उंदीर दबकून राहतात. मोठ्या घुशीच्या वाटेला ती सहसा जात नाही, आणि घट्ट बंडलाच्या पोटात ती शिरू शकत नाही. तिच्यावर सगळा भार टाकता येत नाही, आणि जिथे विष ठेवले तिथे मांजर ठेवणे हे तिच्या जिवाशी खेळणे आहे. धामण उंदीर खाते, पण उंदरांमागे नाग आणि घोणसही येतात. शेडमध्ये उंदीर असणे म्हणजे साप येण्याचे कारण असणे, हा मुद्दा नळ्यांच्या पैशापेक्षा मोठा आहे. गव्हाणी घुबडाला खानदेशात अजून अशुभ मानून हुसकावतात, हे फार वाईट आहे. रात्रभर उंदीर टिपणारा त्याच्याइतका कामाचा पक्षी शेतकऱ्याला दुसरा नाही. रानात इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखे पक्षी-थांबे उभे केले तर ते त्यावर बसून शिकार करते.

बाजारात मिळणाऱ्या आवाजी यंत्रांबद्दल पुतण्याचे आणि आप्पांचे एकमत आहे: पैसे वाया. माणसाला न ऐकू येणाऱ्या आवाजाने उंदीर पहिले काही दिवस बिचकतात, मग सरावतात, आणि तो आवाज पोत्या-बंडलांच्या आड पोहोचत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये अशी यंत्रे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठहून अधिक जणांना, दाव्यांना शास्त्रीय आधार ठेवा, अशी ताकीद दिली होती. डांबराच्या गोळ्यांचा वास उघड्या शेडमध्ये उडून जातो. चाप आणि पिंजरा मात्र आजही कामाचे आहेत. उंदीर भिंतीच्या कडेने पळतो, म्हणून चाप भिंतीला काटकोनात, आमिषाचे टोक भिंतीकडे करून ठेवावा आणि पहिले दोन-तीन दिवस न लावता नुसता आमिषासह ठेवावा. शेंगदाणा किंवा तेल लावलेला भाकरीचा तुकडा पुरतो. मेलेला उंदीर हाती येतो, मोजता येतो, पुरता येतो. बंद खोलीसाठी हीच पद्धत सर्वांत योग्य.

आप्पा : शेडचं झालं. आता रानाचं सांग. केळीत नळ्या वर्षभर जमिनीवरच असतात. तिथे मचाण नाही, जाळी नाही. बांधाबांधाला बिळं. तिथे तुझी अडवणूक काय करते?

पुतण्या : काही करत नाही.

आप्पा : मग? शेडमधून तू त्यांना हुसकलंस तर ते माझ्या केळीत येतील किंवा शेजारच्याच्या. हे काही उंदीर कमी करणं नव्हे.

आप्पांचा हा मुद्दा खोडून काढता येत नाही. अडवणूक वस्तू वाचवते, उंदरांची संख्या ती कमी करत नाही. रावेर-यावलच्या केळीत किंवा शिरपूरकडच्या कपाशीत उघड्यावर असलेल्या नळ्यांसाठी बिळांपाशीच जावे लागते, आणि तिथे विषाला जागा आहे. अट एवढीच की ते एकट्याने, मनाला येईल तेव्हा, उघड्यावर टाकायचे नसते. शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात ते करावे, आणि तेही उन्हाळ्याच्या शेवटी, पेरणीआधी. तेव्हा रानात खाणे सर्वांत कमी असते, म्हणून आमिष खाल्ले जाते, आणि पावसाळ्यातली वीण अजून सुरू व्हायची असते. एका शेतकऱ्याने आपले रान साफ केले आणि चारी बाजूंचे तसेच राहिले, तर महिन्या-दोन महिन्यांत तिथे पुन्हा बिळे दिसतात.

पद्धत अशी. संध्याकाळी बांधावरची सगळी बिळे मातीने बुजवायची. सकाळी जी उकरलेली दिसतील ती वापरातली. फक्त त्यांतच साधे आमिष दोन दिवस, मग विषाचे आमिष दहा-दहा ग्रॅमची कागदाची पुडी करून आत खोल सारायची आणि तोंड हलके बुजवायचे. आमिष काठीने कालवायचे, हातमोजे घालून, मोकळ्या हवेत, आणि घरातले भांडे वापरायचे नाही. ओल्या हाताने किंवा ओल्या धान्यात झिंक फॉस्फाईड मिसळले तर वायू तिथेच सुटू लागतो. दुसऱ्या दिवशी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरायचे. काही दिवसांनी पुन्हा बिळे बुजवून पाहायचे आणि उरलेल्या वापरातल्या बिळांत ब्रोमॅडिओलोन ठेवायचे. वाचलेला उंदीर पहिल्या विषाला ओळखतो, म्हणून दुसऱ्या खेपेला ते बदलतात. सल्फासच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या शेतकऱ्याने स्वतः वापरू नयेत. ते प्रशिक्षित माणसाचे काम आहे, आणि राहत्या घराजवळ तर मुळीच नको. झिंक फॉस्फाईड, ॲल्युमिनियम फॉस्फाईड आणि उंदीर मारायच्या मलमातला पिवळा फॉस्फरस या तिन्हींवर उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनवर के जीवनसत्त्वाचा उतारा आहे, तोही डॉक्टरांच्या हातून आणि वेळेत. माणसाच्या, लेकराच्या किंवा जनावराच्या पोटात काही गेल्याची शंका जरी आली, तरी पाकिटासह दवाखाना गाठावा. यातले काहीही घरात खाण्याच्या वस्तूंशेजारी, किंवा लेबल नसलेल्या डब्यात ठेवणे हा गुन्हा समजावा.

पुतण्या : म्हणजे आप्पा, रानात तुमचं, शेडमध्ये माझं.

आप्पा : रानात गावाचं म्हण. एकट्याने टाकून उपयोग नाही हे तूच सांगितलंस.

मे महिन्यात बंडलं उतरवताना शेवटचे काम येते, आणि तेच बहुधा घाईत होते. उंदरांची लेंडी आणि मूत यांनी भरलेली जागा कोरडी झाडू नये, धूळ नाकातोंडात जाते. आधी ब्लीचिंगचे पाणी शिंपडून अर्धा तास थांबावे, मग हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसावे. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात. ते ओलसर जागेत टिकतात आणि हातापायाच्या जखमेतून शरीरात शिरतात, म्हणून फुटलेल्या टाचांनी, उघड्या पायांनी हे काम करू नये. बंडल उचलण्याआधी लांब काठीने हलवून पाहावे, आत साप असू शकतो. मग नळ्या पसरून, एंड कॅप काढून, पंप चालू करून आधी घाण वाहून जाऊ द्यावी, कॅप लावाव्यात आणि पूर्ण दाबाने एकदा चालवून गळती शोधावी. छिद्र दर तीन मीटरवर येत असेल तर ते साठवणीतले, म्हणजे मचाणाचा किंवा पिंजऱ्याचा काहीतरी दोष. छिद्रे कुठेही, बिळांच्या आसपास असतील तर ती रानातली. ही नोंद वहीत ठेवली की पुढच्या जानेवारीत कुठे लक्ष द्यायचे ते ठरते. कपाशीचे बी टोबण्याआधी एवढे झाले, तर पहिल्या पाण्याला सरीत कोरडे पट्टे राहत नाहीत.